पाहुणे कुणाचे आणि उष्टी कुणी काढायची?

पत्र:

"नमस्कार ताई. मी जावळी तालुक्यातल्या एका डोंगरी गावची सून. तीन वाड्या आणि वर एक धनगरवाडा एवढंच आमचं गाव. निम्मी माणसं मुंबईला माथाडीत. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या ओढ्यावरच्या धबधब्याचं रील टाकलं. तेव्हापासून पावसाळ्यात शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा नसते. गाड्या थेट सड्यावर, वरच्या कातळ पठारावर चढवतात. बायका पाणवठ्यावर धुण्याला बसल्या की पोरं मोबाईल काढतात. गेल्या लावणीत भातखाचरातल्या फुटक्या बाटलीची काच सासूबाईंच्या पायात गेली, मेढ्याला नेऊन टाके घालावे लागले. पण माझ्याच दिरानं रस्त्याला टपरी टाकलीय, दोन खोल्या पाहुण्यांना देतात, पिठलं-भाकरी मी आणि जाऊबाई करतो. घराला त्याचा आधार आहे, हेही खरं. आता चुलत सासरे मुंबईहून म्हणतात, पुण्याची पार्टी आलीय, रस्त्याकडेची जमीन देऊन टाकू. गावात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात रस्ता अडवा, निम्मे म्हणतात पोटावर पाय देऊ नका. मी कुठल्या बाजूला उभी राहू? आणि सुनेनं बोलावं तरी कुठं?"

ताई,

आधी सासूबाईंचा पाय कसा आहे ते कळवा. ऐन लावणीत चिखलात उतरता आलं नाही की घरच्या बाईचा जीव कसा वरखाली होतो, हे डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती बाटली कुणी फोडली ते कधीच कळणार नाही. पण त्या रविवारी गावात कुणाकुणाच्या हातात पैसा आला, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुमच्या भांडणाची गाठ मला तिथंच दिसते.

रस्ता अडवा म्हणणारे आणि पोटावर पाय देऊ नका म्हणणारे, दोघंही पर्यटकाकडे बघून भांडतायत. जरा गावाकडे तोंड करून बघा. ज्याचं घर रस्त्याला, त्याची टपरी चालते. ज्याचं खाचर ओढ्याखाली, त्याच्या घरच्यांच्या पायात काच जाते. धनगरवाड्यातली गुरं ज्या सड्यावर चरायची तिथं आता गाड्या लागतात आणि त्या माणसांना कुणी काही विचारतही नाही. पाणवठ्यावर कुचंबणा होते ती बायकांची. घरात पाहुणे कुणाचेही येवोत, उष्टी काढायला दर वेळी एकच बाई उठते, तसं तुमच्या गावाचं झालंय. म्हणून मी तुम्हाला बाजू निवडायला सांगत नाही. मिळतं कुणाला आणि सोसतं कोण, हा हिशोब आधी मांडा. रस्ता, बोर्ड, पावती, बंदी हे सगळं त्याच्या मागून.

हा हिशोब खरोखरच कागदावर मांडा, घरागणिक. कुणाची टपरी, कुणाच्या खोल्या, कोण पार्किंगचे पैसे घेतं, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कुणाचं खाचर तुडवलं गेलं, कुणाच्या गुरांची वाट मोडली, कुणाची लेक रविवारी एसटीनं यायला घाबरते, कुणाच्या घरातलं आजारी माणूस गाड्यांच्या रांगेत अडकलं. माझा अंदाज आहे की दोन्ही बाजूंना नाव असलेली घरं फार थोडी निघतील. ती थोडी घरंच हे भांडण सोडवू शकतात, आणि त्यातलं एक घर तुमचं आहे.

म्हणून सुरुवात तुमच्या चुलीपासून. रविवारी पहाटे उठून भाकरी थापता तुम्ही आणि जाऊबाई. भांडी घासता तुम्ही. पाहुणा जाताना मोबाईल पुढे करतो तो क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे? दिरांच्या असणार. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, कोड काढताना दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही म्हणून. ताटामागे ठरावीक रक्कम तुम्हा दोघींच्या नावावर किंवा बचत गटाच्या खात्यात जाईल, एवढं घरात ठरवून घ्या. ही मागणी क्षुल्लक समजू नका. जी बाई राबते तिचाही पैसा झाला की 'किती पाहुणे घ्यायचे' यात तिचा शब्द चालतो. आज तुम्ही दहा ताटांना नाही म्हणू शकत नाही, कारण ताट तुमचं आणि पैसा दुसऱ्याचा.

दिरांशी बोलताना टपरी बंद करा हा विषयच काढू नका. असं म्हणा, "भावजी, गर्दी हाताबाहेर गेली तर सगळ्यात आधी टपरी आपलीच बंद होईल." यात धमकी नाही, असंच घडतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, आणि त्यानंतर ठिकठिकाणी धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या साताऱ्यात बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत गेली. दोर लावून तिला वर काढलं ते होमगार्ड आणि इथल्याच पोरांनी. तेव्हाही पर्यटनस्थळं बंदच होती. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला की टपरी नीट चालवणारा आणि बेपर्वाईनं चालवणारा असा फरक होत नाही, सगळ्यांचीच बंद होते. गर्दीला शिस्त लागली तर त्यात सगळ्यात जास्त फायदा दिरांचाच आहे. त्यांना विरोधक समजू नका, या कामात पुढे करा. टपरीपाशी कचऱ्याचे डबे आणि काचेच्या बाटलीला मनाई, ही सुरुवात त्यांच्याकडून झाली तर बाकीच्या टपऱ्यांना मागं राहणं अवघड जाईल.

आता गावाचं.

पहिला प्रश्न असा की धबधबा कुणाच्या जागेत आहे? तुमच्या पत्रात हे नाही, आणि बहुतेक गावात कुणी बघितलेलंही नसावं. तलाठ्यांकडे जाऊन गट नंबर काढा. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर मोबाईलवरही गट दिसतो. वनखात्याची जमीन असेल तर गाव आपल्या मनानं तिथं पावती फाडू शकत नाही, संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत वनखात्याबरोबर बसावं लागेल. गायरान किंवा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेच्या ठरावावर पुष्कळ काही होतं. मालकीची असेल तर त्या मालकाशी लेखी करार हवा. धबधबा एका गटात, वाट दुसऱ्या आणि गाड्या तिसऱ्याच, असंही निघेल. आज जो कुणी पार्किंगचे पैसे घेतोय तो कुठल्या अधिकारानं घेतोय, याचंही उत्तर त्यातच मिळेल. भांडण न करता, नुसता उतारा दाखवून.

फुलांचं कास पठार तुमच्यापासून लांब नाही. तिथं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण त्या गावांनी तुमच्या आधी हे सगळं भोगलंय. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. आपल्या राज्यातली त्यात चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. नाव झालं आणि फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटापासून गाड्यांची रांग लागायला लागली. मग कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन समित्यांनी वनखात्याबरोबर कारभार हातात घेतला. प्रवेशाला शुल्क लागलं, दिवसाला माणसांची मर्यादा ठरली, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आली, गाड्या लांब लावून मिनीबसनं माणसं न्यायची पद्धत पडली. हंगामात तिथं शिट्टी घेऊन उभी असतात ती आसपासच्याच गावांची पोरं. "पायवाट सोडू नका" हे ती ज्या हक्कानं सांगतात, तो हक्क बाहेरून आणलेल्या सुरक्षारक्षकाच्या आवाजात येत नाही.

पण कासमधूनच दुसराही धडा घ्या. फुलं राखायची म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. गुरं आत जायची थांबली. काही वर्षांनी गवत माजलं, फुलं उणावली अशी तक्रार गावकरी आणि काही अभ्यासक करायला लागले, बराच वाद झाला आणि अखेर कुंपण निघालं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत आलेल्या सड्यावर गुरं हीसुद्धा त्या जागेचा भाग असतात. म्हणून तुमच्याकडे कुणी उत्साहानं "सड्याला तार मारू" म्हणालं तर आधी धनगरवाड्याला विचारा. खरं तर कुठलाही नियम करताना त्यांना पहिलं विचारा. सड्यावर कुठं पाणी मुरतं, कुठला भाग कधी फुलतो, गवे कुठून उतरतात, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नसतं, आणि बैठकीला बोलावणं मात्र त्यांनाच शेवटी जातं.

सड्यावर गाडी चढू न देणं, यात मात्र तडजोड नको. सड्यावर जांभा दगड, त्यावर माती जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत तेरडा, गेंद, सीतेची आसवं उगवतात. यातली बरीचशी झाडं एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरायच्या आधी टायर गेलं की पुढच्या वर्षी तिथं उगवायला काही उरत नाही. फुलांचं सोडा, असं म्हणणारेही गावात असतील; त्यांना पाण्याचं सांगा. पावसाचं पाणी सड्यातून मुरतं आणि खाली झऱ्याला येतं. वर डबक्यात प्लास्टिक कुजलं, गाड्यांचं तेल सांडलं, माणसं उघड्यावर बसली, तर ते खाली तुमच्या हंड्यात येणार. साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव जपायला शहर आहे. तुमच्या झऱ्याला तुमच्याशिवाय कुणी नाही.

गाड्यांसाठी गावाखाली, फाट्याजवळ एखादं पडीक शेत बघा. त्यात जेवढ्या गाड्या बसतील तेवढीच त्या दिवसाची गर्दी. शेत भरलं की फाट्यावर दोरी. माणसं मोजणारं यंत्र नको आणि तज्ज्ञांचा अहवालही नको. तिथून वर चालत, आणि म्हाताऱ्यांसाठी गावातलीच एखादी जीप. चालत येणारा माणूस वाटेतल्या प्रत्येक वाडीतून जातो, कुठं ताक घेतो, कुठं भाजलेलं कणीस घेतो. गाडीनं थेट धबधब्याला जाणारा एकाच टपरीवर थांबतो. मिळकत पसरवायची तर माणसाला चालवणं हा सर्वांत सोपा उपाय आहे. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा पुस्तकं एका इमारतीत न ठेवता घराघरांत ठेवली, म्हणून येणारा माणूस गावभर फिरतो. तुमच्याकडे घराघरांत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. टपऱ्यांच्या जागाही पाळीनं द्या, म्हणजे रस्त्याला घर नाही म्हणून कुणी उपाशी राहायला नको.

कचऱ्यासाठी वासोटा किल्ल्याचं बघा. बामणोलीहून बोटीनं कोयनेच्या जलाशयापलीकडे गेलं की मेट इंदवलीच्या चौकीवर वनखात्याची माणसं सॅकमधल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, अनामत घेतात, आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत देतात. फाट्यावरच्या वाहनतळावर हेच करता येईल. एक वही आणि दोन माणसं पुरतात. ती दोन माणसं मात्र पगारी असू द्या. श्रमदान वर्षातून एकदा शोभतं. दर सोमवारी परक्यांच्या बाटल्या फुकट वेचायला लावणं ही पिळवणूक आहे, आणि असं काम नेहमी गरिबाच्याच गळ्यात पडतं.

जमा झालेला पैसा कुठं जाणार हे पहिल्या पावतीच्या आधी ठरलं पाहिजे. वेगळं बँक खाते, छापील पावती पुस्तक, आणि दर महिन्याचा जमाखर्च देवळाबाहेरच्या फळ्यावर. आधी सफाईची मजुरी, मग ज्यांच्या खाचराचं नुकसान झालं त्यांना भरपाई, मग पाणवठा आणि झरा. कमान, स्वागताचा फ्लेक्स, सेल्फी पॉइंट हे सगळ्यांत शेवटी, आणि नाही केलं तरी चालेल. सोसणाऱ्याला आधी मिळालं की गावातला निम्मा राग तिथंच उतरतो.

पाणवठ्याचं वेगळं सांगते, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत आणि मला ते सगळ्यांत जास्त लागलं. पर्यटकांची वाट ओढ्याच्या दुसऱ्या अंगानं वळवा. जमत नसेल तर पाणवठ्याला शेडनेटचा आडोसा करा आणि वाटेवर ठळक पाटी लावा: इथं बायका धुण्याला, अंघोळीला येतात, थांबू नये, फोटो काढू नये. आडोशाला अंघोळ करणाऱ्या बाईचं चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पोरांना मारहाण करू देऊ नका. तिथं हात उचलला गेला की व्हिडिओ त्याचा फिरतो आणि मूळ गुन्हा बाजूला राहतो. आणि हे जपण्यासाठी बायकांनी पाण्याला जायच्या वेळा बदलाव्यात, असं कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. वाट पाहुण्यांनी बदलायची.

आता चुलत सासऱ्यांची पुण्याची पार्टी. माझं मत विचारलंत तर रस्त्याकडेची जमीन विकू नका. गावाच्या हातात आज जी काही किल्ली आहे ती तीच. वाहनतळ तिथंच होणार, पाळीच्या टपऱ्या तिथंच लागणार. ती गेली की वर सांगितलेलं काहीच गावाला करता येणार नाही, आणि तुमची पोरं त्याच जमिनीवर दुसऱ्याच्या फाटकापाशी उभी राहतील. सातबारा सामाईक असेल तर वाटणी झाल्याशिवाय एकट्यानं सगळी जमीन देता येत नाही. कुणाकुणाची नावं आहेत ते बघा, मुलींची आणि विधवा चुलत्यांचीही. पैशाची खरीच नड असेल तर थोड्या मुदतीचा, नोंदणी केलेला भाडेकरार होतो, पण तोही वकिलाकडून वाचून घेतल्यावर. शिवाय केंद्र सरकारनं ३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढलीय, गावांच्या याद्यांसकट. तुमचं गाव त्यात आहे का ते पाहा. एजंट 'रिसॉर्ट होणारच' म्हणतो तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारा. मुंबईकर मंडळींची बैठक तिकडे होत असेल तर तुमच्या यजमानांना हा कागद घेऊन तिथं पाठवा. गावाचे निम्मे निर्णय मुंबईत होतात, तिथं फक्त जमिनीचा भाव पोचतो आणि खाचरातली काच पोचत नाही, असं होऊ देऊ नका.

एक गोष्ट दिरांना आणि तुम्हालाही. पावसाळ्यातल्या मोजक्या शनिवार-रविवारांवर घर उभं करू नका. रील जसं आलं तसं उद्या दुसऱ्या धबधब्याचं येईल. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याकडे गर्दी अशीच एकाएकी वळली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथली मिळकत कुणाच्या सुट्टीवर अवलंबून नाही. तुमच्याकडे नाचणी आहे, करवंद-जांभूळ आहे, कदाचित मधही असेल. पाहुण्याला ते विका, पण पाहुणा आला नाही तरी ते विकलं जाईल अशी सोय बघा.

आणि सुनेनं बोलावं कुठं? कायद्यानंच जागा करून ठेवलीय. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते, घरोघर सह्या फिरवून. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, लेखी विचारा की महिला सभा कुठल्या तारखेला आहे. एकट्या जाऊ नका. जाऊबाई, बचत गटातल्या बायका आणि धनगरवाड्यातल्या दोघी-तिघी सोबत हव्यातच. सगळं एकाच दिवशी मागायचं नाही. पाणवठ्याची वाट वळवणं, सड्यावर गाड्यांना बंदी, फाट्यावर वाहनतळ आणि पैशाचा जमाखर्च फळ्यावर, एवढेच चार विषय लिहून न्या आणि ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. घराघराचा तो कागद बरोबर असू द्या. भाषण करायला जमलं नाही तर नुसता वाचून दाखवा. ठराव झाला की नक्कल मागून घ्या. एक प्रत मेढ्याला पंचायत समितीत, एक वनपालांकडे, एक पोलीस ठाण्यात द्या, आणि तिन्ही ठिकाणची पोच सांभाळून ठेवा.